ज्ञानोबांची पहिली नळी

आधीच सांगून ठेवते, मी रक्त तपासणारी बाई आहे. नळीत जे असेल ते मशीन सांगतं आणि मी ते लिहून देते. भूतखेत, करणी, अंगारे-धुपारे असलं कोणी बोलायला लागलं की मी सरळ विचारते, "रिपोर्ट आहे का?" तरीही हे लिहितेय... कारण या गोष्टीचा रिपोर्ट माझ्याकडेच आहे.

पाथरीत बसस्टँडजवळ माझी छोटी लॅब आहे. समोरच्या दवाखान्यातली सॅम्पल्स माझ्याकडेच येतात. खिडकीत ट्रे आहे, त्यात नळी ठेवायची आणि नाव सांगायचं. मे महिन्यातली भर दुपार होती. मी मान खाली घालून कामात होते. हिरव्या बांगड्यांचा एक हात खिडकीतून आत आला, नळी ठेवून गेला. "ज्ञानोबा, वालूर. इलेक्ट्रोलाइट." मी म्हटलं, "ठेवा बाई." वर बघितलंही नाही. दिवसभर हेच तर चालतं.

रक्त फिरवून सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं केलं, मशीनवर लावलं. रक्तातल्या क्षारांपैकी पोटॅशियम साडेसात! पाचच्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो. साडेसातला माणसाचं हृदय कधीही थांबू शकतं. मी फोन उचलणार, तेवढ्यात ज्ञानोबांचा मुलगा केशव खिडकीत आला. हातात नळी!

"मॅडम, आमच्या अण्णांचं रक्त हाय. सिस्टरनी आत्ताच काढलंय."

"अहो, मघाशीच एक नळी आली की."

"न्हाई जी. संगं मी एकटाच हाय. दुसरं कोण आणंल?"

ही नळी लावली. पोटॅशियम अगदी नॉर्मल, सोडियम तेवढं जरा चढलेलं. केशवचा चेहरा खुलला. "डॉक्टर म्हणले, रिपोर्ट चांगला आला की संध्याकाळी घरी न्या."

माणूस एक आणि रिपोर्ट दोन... पण माझा माझ्या कामावर भरवसा आहे. रक्त काढताना त्यातल्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं, पण मग सीरम लालसर दिसतं. पहिल्या नळीतलं स्वच्छ पिवळं होतं. म्हणजे गडबड दुसरीतच होती. मी सिस्टरला फोन लावला.

"कोणत्या हातातलं घेतलं?"

"सलाईन चालू हाय त्याच. दुसऱ्या हाताची शीर सकाळीच चाचपलेली, पर घावली नव्हती. पेशंटची ही रांग लागलीय..."

झालं! रक्तात सलाईन मिसळलेलं. पाणी घातलेल्या दुधाची साय बघून म्हशीची पारख करण्यातला प्रकार. "दुसऱ्या हातातलं घ्या, आत्ताच्या आत्ता!" मी ओरडलेच.

सिस्टर स्वतः नळी घेऊन धावत आली. तिच्या मनगटावर फक्त घड्याळ होतं. चेहरा पांढराफटक. "मॅडम, त्या हाताच्या कोपरात आधीच कापूस हाय. रक्त काढल्यावर लावतो तसा. मी तर तिथं सुईच लावली नव्हती..."

रिपोर्ट आला, साडेसात. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली आणि ज्ञानोबांना परभणीला हलवलं. ते वाचले. मी मात्र त्या दिवशी घाबरले, खोटं कशाला बोलू. दवाखान्यात सिस्टर दोनच. दुसरीनं तर ज्ञानोबांना पाहिलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "असेल कोणीतरी."

पुढे ज्ञानोबा पुन्हा तपासायला आले, स्वतःच्या पायांनी. मी सुई हातात घेतली, तसा त्यांनी आपणहून उजवा हात पुढे केला.

"ह्यातलं घ्या, बाई. ती बी ह्यातलंच घ्यायली होती."

"ती कोण?"

"तुमच्यातलीच आसंल की. मला निसत्या हिरव्या बांगड्या दिसायल्या होत्या. म्हणली, सलाईनच्या हातातलं घेऊ नका म्हणून कवापासून सांगायलेय, पर माझं कुणाला ऐकूच जायना."

ती कोण होती, मला आजही सांगता येत नाही. पण तिनं काढलेलं रक्त बरोबर होतं, एवढ्यावर मी कधीही सही करून देईन.