मास्तरांनी न गाळलेलं वाक्य

नाटकाचे मास्तर स्वतःच्या घरी कधी लिहीत नसत. आष्ट्यात कुणाच्याही सोप्यात बसायचे, चहा मागायचे आणि परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर खरडायचे. "माझ्या घरात भांडण नाही, तिथं काय लिहू?" असं वर हसून सांगायचे. लोकांना याचं कौतुक. मला नाही. त्यांनी माझं घर उचलून स्टेजवर मांडलं.

आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा आईचीही झाली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना माझ्याकडे. त्या वर्षी जत्रेला मास्तरांनी नवं नाटक बसवलं. दुसऱ्या अंकात म्हातारी वळकटी घेऊन धाकट्याकडे येते. सून वळकटी सोडायला जाते, तर म्हणते, "ऱ्हाऊ दे गं बांधलेली. म्हयना काय, आता सरंल." अख्खा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला.

ते वाक्य माझ्या आईचं होतं. माझ्या घरात, माझ्या बायकोला म्हटलेलं. आईकडून ऐकून थोरल्यानंच ते मास्तरांना पुरवलं, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत जाऊन भांडलो. पुढचा प्रयोग शिराळ्याला होता.

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

"ते विचारू नका."

"मग वाक्य गाळा. नवा पडदा देतो. वर दोन गॅसबत्त्या."

हमालीतून हळदीचा व्यापारी झालो तो सौद्याच्या जिवावर. मास्तर हलले नाहीत.

"पडदा फाटकाच बरा आहे, शेठ. अख्खा तिसरा अंक गाळतो. ते वाक्य राहणार."

"मग माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई!"

"बरं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

शिराळ्यातही ते वाक्य झालं. थोरल्याशी मी बोलणं तोडलं ते तेव्हापासून. मास्तर रस्त्यात दिसले की शिव्या घालायचो. ते नमस्कार करून पुढे जायचे.

पाच वर्षांनी मास्तर गेले. मी मातीला गेलो नाही. आई त्यांच्या बायकोला भेटून आली, तर तिच्यावर भडकलो, "त्या चोराच्या घरी कशाला गेलीस?"

"चोर कुणाला म्हंतोस? म्याच सांगितलं व्हतं त्येला. माजी पोरं माजं ऐकत न्हाईत, नाटक तरी ऐकतील म्हटलं."

"मग त्यानं मला सांगायला काय झालं होतं?"

"म्या शपथ घातली व्हती. तुजा राग मला म्हाईत न्हाई व्हय?"

त्या संध्याकाळी थोरल्याच्या दारापर्यंत गेलो. आत दिवा होता, तो जेवत होता. पहिलं काय बोलावं, ते सुचेना. ते सांगू शकणारा एकच माणूस होता गावात, आणि तो नेमका आधी मेला. त्याला शिव्या देतच मी परत फिरलो.