ढिगावरचा चेंडू

अश्विन मेश्राम नेमकं काय काम करतो, हे त्याच्या आईला कधीच नीट कळलं नाही. "आमचा अश्विन सिंगापुरात दगड मोजतो," असं ती नागपुरात सांगायची, आणि गंमत म्हणजे ते अगदी बरोबर होतं. पलीकडे मलेशियात, जोहोरच्या खाणीत सुरुंग उडाला की फुटलेल्या दगडांच्या ढिगाचे फोटो सिंगापुरातल्या तुआसच्या ऑफिसात यायचे. अश्विनचा प्रोग्राम त्यातल्या एकेका दगडाची कड आखून आकार सांगायचा. पण फोटोतला दगड नारळाएवढा की कपाटाएवढा, हे कळायचं कसं? म्हणून ढिगावर एक चेंडू ठेवायचा. चेंडूचं माप ठाऊक असतं, त्यावरून दगडाचं काढायचं. तो चेंडू अश्विननंच घरून दिला होता, त्याच्या मुलीचा, राणीचा, शाळेतला जुना नेटबॉल.

या वर्षी त्याच्या सांगण्यावरून सुरुंगाची भोकं एकमेकांच्या जास्त जवळ पाडली जात होती. दगड बारीक फुटले तर कंपनी त्याचं कंत्राट वाढवणार होती. नाहीतर नोकरीचा पास संपला की बुकित बातोकचा फ्लॅट सोडून तिघांनी नागपूर गाठायचं. राणी नुकतीच शाळेच्या नेटबॉल टीममध्ये आली होती. नागपूरचं नाव काढलं की ती जेवणावरून उठायची.

आणि दगड खरंच बारीक फुटले! फार नाही, पण कंपनीला हवे होते तेवढे. त्याची बॉस मिस टॅन कौतुकाच्या बाबतीत भलतीच कंजूष, पण तिनंही चारचौघांत त्याचं नाव घेतलं. अश्विनचे पाय जमिनीवर ठरेनात. विनीतानं, त्याच्या बायकोनं, सोफा बदलायचा विषयसुद्धा काढून पाहिला.

रविवारी सकाळी घरी बुद्धवंदना झाली, पोहे झाले, आणि त्यानं सोमवारच्या प्रेझेंटेशनसाठी लॅपटॉपवर ढिगाचे फोटो उघडले. राणी खुर्चीमागून डोकावली.

"बाबा, दॅट वन बास्केटबॉल लाह! नॉट माय बॉल."

"काहीतरीच काय! धुळीनं माखलाय, म्हणून तसा दिसतो."

"नेटबॉल इज स्मॉलर. आणि या काळ्या रेघा बघ ना."

त्यानं फोटो मोठा करून पाहिला. रेघा होत्या. त्यानं लगेच खाणीवरच्या सुपरवायझरला, श्रीनिवासला, फोन लावला. तो दिलखुलास हसला. "अरे, आप का बॉल तो लोडर के नीचे आ गया! लड़कों का बास्केटबॉल रख दिया. गोल तो गोल है ना, सर?"

चेंडू मोठा आला होता आणि प्रोग्राम त्याला जुनाच समजत होता. त्यामुळे शेजारचा प्रत्येक दगड होता त्याहून लहान मोजला जात होता. अश्विननं खरं माप घालून पुन्हा हिशेब केला. दगड आधीइतकेच मोठे फुटत होते.

ढीग कधीच क्रशरमध्ये जाऊन खडी झाले होते, तेव्हा कुणी पडताळायला जाणार नव्हतं. खोटं न बोलण्याचं शील त्यानं सकाळीच मोठ्यानं म्हटलं होतं. म्हणायला काय जातं! दुपारपर्यंत तो हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिला, विनीतावर विनाकारण खेकसला, आणि मग त्यानं मिस टॅनला मेल टाकली. तिनं नम्रपणे आभार मानले. कंत्राट वाढलं नाही.

सामान बांधताना राणीनं विचारलं, "मी बोलले म्हणून आपण चाललोय?"

"नाही गं. तू बरोबर बघितलंस. मलाच दिसायला हवं होतं."

हे तो मनापासून बोलला. पण त्या रविवारी ती डोकावली नसती तर किती बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची. राणी बराच वेळ आपली टीमची जर्सी घडी करत बसली.

"तिकडे नेटबॉल नसला तरी इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "मी बास्केटबॉल खेळेन."