फुटला नाही ना अजून?

सूंऽऽ असा बारीक आवाज. चुलीत ओलं लाकूड घातलं की निघतो तसा. फार वर्षांपूर्वी साखर कारखान्यात मी तो पहिल्यांदा ऐकला, डोक्यावरून जाणाऱ्या वाफेच्या पाईपातून. मी तिथं मशिनींना तेल-ग्रीस घालायचो. गाळप सुरू झालं की उसाच्या चिपाडाचा ढीग रोज वाढतो, तसे त्या पाईपाचे किस्से वाढत गेले. चिपाड निदान बॉयलरात जळून जातं. किस्से राहतात.

त्या पाईपाखाली युसूफभाई काम करायचा. फिटर, मूळचा अक्कलकुव्याचा. एकदा मला म्हणाला, "आप्पा, हाऊ पाईप रडी ऱ्हायना." रडतोय म्हणे.

"मंग साहेबले सांग ना!"

"सांगं मी. साहेब बी रडी ऱ्हायना!"

साहेब म्हणजे देसले, आमचे इंजिनिअर. ते मॅनेजरसाहेबांकडे गेले. "सर, जोड पातळ झालाय. कधीही फुटेल."

"कधीही म्हणजे कधी? तारीख सांगा!"

"तारीख कशी सांगणार, सर?"

"मग सीझन संपल्यावर बघू. गेटवर ऊस वाळतोय!"

सीझन संपला. देसले पुन्हा गेले. "सर, आता तरी पाईप बदलू."

मॅनेजरसाहेब हसले. "अहो, आता वाफच नाही. फुटणार कशानं?"

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. माझ्या मुलीच्या लग्नात बाही सारून पंगतीत वाढत होते. पण कळसाडी गावचे शेतकरी ऑफिसात येऊन ओरडायचे, वरून चेअरमनचा फोन. त्यांना गेटवरची ट्रॅक्टरांची रांग दिसायची. पाईप बघायचा तर मान वर करावी लागते.

एकदा मीटिंग झाली. मी पंख्याला तेल घालायला आत होतो.

"फुटायचा चान्स किती?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"शंभरात एक तरी धरा, सर."

"म्हणजे नव्व्याण्णव मार्क! देसले, तुम्हाला कॉलेजात तरी इतके पडले होते का?"

सगळे हसले. चहा आला. पाईपाचा विषय संपला.

मग देसल्यांनी आपल्या अधिकारात पाईपाखालच्या जागेला दोरी बांधली. नेमके दुसऱ्या दिवशी संचालक येणार होते. मॅनेजरसाहेबांनी दोरी सोडायला लावली. "पाहुणे उगाच घाबरतील!"

संचालक आले. मॅनेजरसाहेबांनी हसतमुखानं त्यांना सगळा कारखाना दाखवला. फक्त पाईपाखालून नेलं नाही, लांबच्या वाटेनं फिरवलं!

सीझनमागून सीझन गेले. दर सीझनला मॅनेजरसाहेबांची खात्री वाढायची आणि देसल्यांची झोप कमी व्हायची.

"फुटला नाही ना अजून? म्हणजे दणकट आहे!"

"सर, झिजतोय तो. रोज थोडा थोडा."

युसूफभाई खाली पाना घेऊन उभा होता. दोघं निघून गेल्यावर पायाखालची जागा दाखवत म्हणाला, "आप्पा, मी रोज आठे बसस. माले कोणी ईचारं नही."

पाईप फुटला तो भर दुपारी. आवाज असा झाला की गेटवरच्या ऊसगाड्यांचे बैल उधळले. वाफ विरल्यावर युसूफभाई दिसला. तो ओरडतसुद्धा नव्हता. उजवा हात गेला, एक डोळा गेला.

दवाखान्यात मॅनेजरसाहेब लहान पोरासारखे रडले. खरंच रडले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि देसल्यांना म्हणाले, "तरी बघा, किती सीझन टिकला! तुम्ही पहिल्याच वर्षी फुटेल म्हणत होता."

देसले भिंतीला टेकून खाली बसले.

पुढच्या सीझनला बॉयलर पेटवायची पूजा होती. हा मान दर वर्षी एखाद्या संचालकाचा. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी माईकवरून सांगितलं, "यंदा मान आपल्या युसूफभाईंचा!" टाळ्या पडल्या. युसूफभाई धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता, उजवी बाही पिन लावून दुमडलेली. गुरुजींनी नारळ फोडला. मॅनेजरसाहेबांनी पेटती मशाल त्याच्या डाव्या हातात दिली.

युसूफभाईनं मान वर केली. पाईप तोच होता. फुटल्या जागी लोखंडी पट्टा मारून वर चंदेरी रंग दिला होता.

मॅनेजरसाहेब प्रेमानं त्याच्या कानाशी वाकले. "पक्का पट्टा मारलाय, युसूफभाई! हा सीझन आरामात निघेल."

युसूफभाईनं मशाल त्यांच्याच हातात दिली आणि गर्दीतून चालत गेटाबाहेर गेला.