उन्हाचं अस्तर

तिने मास्तरांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते वडिलांचा कोट आणायला गेली तेव्हा. वडील कारकून. आयुष्यभर एकाच खांद्यावर पिशवी अडकवून त्यांचा डावा खांदा अर्धं बोट खाली आला होता. घरात हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. दुकानातल्या त्या सडपातळ, कानावर खडू अडकवलेल्या तरुण शिंप्याने मात्र चार माणसांसमोर त्याबद्दल ब्रही न काढता डाव्या बाजूला आतून पातळ गादी घातली होती. मग त्याने कोट उलटा करून तिला अस्तर दाखवलं. रेशमासारखं चकचकीत.

"एवढं छान कापड आत लपवलंत?" ती म्हणाली.

"लोक कोट बाहेरून बघतात, पण घालणाऱ्याला तो आतून लागतो. चकाकतं ते आतच असायला हवं."

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

पंधरा-सोळा वर्षं दुकान छान चाललं. मग समोरच्या चौकात तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडलं आणि मास्तरांकडे येणारी माणसं फक्त पँट आखूड करायला येऊ लागली. दुसऱ्या गावातल्या कारखान्यात कापड कापायची नोकरी मिळत होती. मास्तरांनी होकार कळवायचा ठरवला. शिलाई मशीन बघायला एक जण सोमवारी येणार होता. त्या आठवड्यात तिने मशीनला दोनदा तेल घातलं.

गुरुवारी टॅक्सी स्टँडवरचा पैलवान दुकानात शिरला. अंगाने काडी, म्हणून लोक त्याला पैलवान म्हणत; स्टँडवर शब्द मात्र त्याचाच चाले.

"मास्तर, गाडीला कपडे शिवाल का?"

"कुणाला?"

"गाडीला हो! दिवसभर उन्हात उभी असते. सीटवर बसलं की तव्यावर बसल्यासारखं वाटतं, पट्ट्याचं बक्कल चटका देतं. डॅशबोर्डला तर भेगा पडल्यात, माझ्या टाचांना लाज वाटावी अशा. एक संच करून दाखवा. टिकला, तर स्टँडवरच्या बावीस गाड्या तुमच्या."

मास्तरांनी टेप घेतली आणि रस्त्यावर गाडीचं माप काढलं. सीटची छाती, सीटची कंबर, स्टिअरिंगचा गळा. वहीत तसंच लिहिलं. पैलवान हसून म्हणाला, "बाह्या पूर्ण ठेवा, थंडीत उपयोगी पडतील."

तीन दिवस मास्तर जेवायलाही घरी आले नाहीत. सीटना जाड सुती खोळी शिवल्या, डॅशबोर्डवर अंथरायला एक तुकडा; स्टिअरिंगचं कव्हर मागाहून करायचं ठरलं. समोरच्या आणि बाजूच्या काचांना आतून लावायला दुहेरी पडदे: एका अंगाला रुपेरी चमकदार कापड, दुसऱ्या अंगाला काळं सुती.

रविवारी दुपारी ती डबा घेऊन स्टँडवर पोचली तेव्हा गाडी दोन तास उन्हात उभी राहून झाली होती आणि भोवती टॅक्सीवाले जमले होते. पैलवानाने दार उघडलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ आली. त्याने स्टिअरिंगला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मास्तर, हे काय! बाहेरून काळं आणि आतून आरसा? ऊन आत येऊन भांग पाडत बसलंय!"

सगळे खो खो हसले. मास्तर मात्र पडद्याची शिवण चाचपत उभे राहिले. अशी शिवण त्या स्टँडवर कुणी पाहिली नसेल. पण हात अस्तर लावायला सरावलेला. चकाकतं ते आत गेलं होतं.

तिने डबा बॉनेटवर ठेवायला हात पुढे केला, चटका बसला, म्हणून डबा खाली ठेवला. मग वाकून पडद्याच्या दोन्ही अंगांना तळवा लावला. काळं अंग पोळत होतं.

"अहो, उलटे करून लावा."

"अगं, शिवण बाहेरून दिसेल. कापडाच्या कडा, धागे सगळं काचेतून दिसेल. उलटा सदरा घालून कुणी बाजारात जातं का?"

"ऊन काय शिवण बघायला येतंय?"

"आणि बाजूचे पडदे? उलटे केले तर बसणारच नाहीत. काच पुढे निमुळती आहे."

"डावीकडचा उजवीकडे लावा, उजवीकडचा डावीकडे."

मास्तर थांबले. हवेत दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बाही कधी अशी अदलाबदल करता आली नसती, पण इथे चालणार होतं. पैलवान म्हणाला, "वहिनी, दुकान तुम्हीच का चालवत नाही?"

दारं उघडी ठेवून गाडी आधी निववली. मग पडदे उलटे लावले आणि पुन्हा दोन तास. त्या दोन तासांत मास्तरांनी डब्याला हात लावला नाही. बाहेर लोंबणारे धागे दिसू नयेत म्हणून ते गाडीकडे पाठ करून बसले होते. शेवटी पैलवान आत बसला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि सोडलंच नाही.

"गरम आहे," तो म्हणाला, "पण धरवतंय." मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ए, रांग लावा रे! मापं द्यायला!"

सोमवारी मशीन बघायला आलेल्या माणसाला तिने दारातूनच परत पाठवलं. मास्तर आतून तक्रार करत होते की गाड्यांचे गळे एकसारखे का नसतात. तो पहिला संच त्यांनी परत मागवून त्याच्या कडांना दोन्ही अंगांनी धागे झाकणारा गोट लावला. पुढे प्रत्येक पडद्याला तसाच लावला. स्टँडवर त्यांचं नाव 'उलटे मास्तर' पडलं ते पडलंच.

आता घडी घालून पिशवीत मावणारे तयार पडदे कुठेही मिळतात. दुकान सून बघते. मास्तर पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी दहा ते एक दुकानात बसतात आणि फक्त स्टिअरिंगची कव्हरं हाताने शिवतात.