जनाबाईचं बूड आणि उत्तमची हळद

बाळकुमच्या पाटील आळीत जनाबाई लग्नाचे विधी करायला बसली, की जाणती माणसं आधी तिचा तांब्या बघायची. जनाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गात गात हळदीपासूनचे सगळे विधी पार पाडायचे, हे तिचं काम. आवाज असा खणखणीत, की लाउडस्पीकरवाल्याला ती जवळ फिरकू द्यायची नाही. पण दर वीस मिनिटांनी ती घटाघटा पाणी प्यायची आणि धवला अर्ध्यावर टाकून मांडवामागे पळायची.

धवलारीण बसलेली असताना नवऱ्यानं पाट आणि बाकीच्यांनी मांडव सोडायचा नाही, असा आळीचा दंडक होता. त्यामुळे ती उठली की नवराही उठायचा, म्हातारे विड्या पेटवायचे, बायका चहा उरकून घ्यायच्या. सगळ्यांची सोय व्हायची, पण कबूल कोण करतो? वर तिलाच हसायचे, मेले.

एक्क्याण्णव साली आळीतल्या उत्तमचं लग्न ठरलं, तेव्हा वडीलधारे दामाजी पाटील यांनी तिला बजावलं, की उत्तमच्या हळदीत धवला मोडून उठलीस, तर पुढल्या लगीनसराईला तुझ्या जागी शेवंती बसेल. शेवंती जनाबाईचीच शिष्या. धवल्यांवाचून जनाबाईला दुसरं काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर शिकायचंही नव्हतं.

गावानं तिला साखरेचा रोग केव्हाच ठरवून टाकला होता. नौपाड्यातल्या डॉक्टरांना मात्र साखर सापडली नाही. त्यांनी तिला अख्खा दिवस पाण्याविना बसवून लघवी मोजली आणि तिनं त्यांच्या सात पिढ्या मोजल्या. शेवटी ते म्हणाले, की शरीरात पाणी धरून ठेवणारा एक रस डोक्यात तयार होतो, तो हिच्यात कमी पडतोय. कारखान्यात बनवलेला तसाच रस नाकातून घ्यायचा, पाणी बेतानं प्यायचं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची.

आता फ्रिज होता शेवंतीकडे. तिनं बोंबलांच्या डब्यामागे बाटलीला जागा करून दिली.

औषध घ्यायची तऱ्हाही न्यारी होती. बारीक नळीत औषध ओढायचं, नळीचं एक टोक नाकात, दुसरं आपल्याच तोंडात आणि फुंकायचं. जनाबाईचा जन्म चुली फुंकण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी तिनं अशी फुंकली, की औषध थेट घशात उतरलं आणि मागोमाग आलेल्या शिंकेनं शेवंतीच्या घरचं मांजर दोन दिवस परागंदा झालं. तिसऱ्या दिवशी जमलं. त्या दुपारी तिला लागलीच नाही. सवयीनं ती दोनदा नुसतीच जाऊन आली.

उत्तमच्या हळदीच्या दिवशी सकाळी औषध घेऊन जनाबाई बसली ती बसलीच. एक तास झाला, दोन झाले. धवल्यामागून धवला चालला होता. मांडवात चुळबुळ सुरू झाली. उत्तमनं तर तिच्या भरवशावर सकाळपासून चार ग्लास सरबत रिचवलं होतं. तिसऱ्या तासाला हळदीनं माखलेला तो नवरा मांडीवर मांडी आवळून घामाघूम झाला आणि तिच्या कानाशी लागला.

"जनाआये, ऊठ ना. मना जावाचा हाय."

जनाबाईनं समोर पाहिलं. दामाजी तिच्याकडेच बघत होते. शेवंती पलीकडे तयारीत होती. आणखी दोनच धवले उरले होते. तिला रडू आलं, उत्तमचा राग आला आणि त्याचं तोंड बघून कीवही आली. तिनं धवला तिथेच मोडला, पदर खोचला आणि मांडवामागे निघाली. उत्तम तिच्याही पुढे धावला.

परत आली तेव्हा तिच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. शेवंती जागची हलली नव्हती. उत्तम पाटावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिला नव्हती लागली. मना लागलेली. माझ्यासाठी उठली ती."

मांडव खदाखदा हसला. धवला मोडल्याचा निकाल काय, म्हणून सगळ्यांनी दामाजींकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. दामाजी मांडवामागे गेले होते, आणि तिथे त्यांच्यापुढे अकरा जण रांगेत उभे होते.