माळ रिकामा नाही

माझं माहेर पणदऱ्याचं. उसातच वाढले, त्यामुळं हिरवं ते चांगलं आणि पिवळं ते वाया गेलेलं, एवढीच समज. लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या कळसला आले आणि गावामागचा गवताळ माळ पाहिला, तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, "एवढी जमीन नुसती पडूनच हाय?"

पुढं ग्रामपंचायतीची सदस्य झाले. उन्हाळे दरसाल जास्तच तापत होते, पावसाचा भरवसा राहिला नव्हता. माळावर झाडं लावायचा ठराव मीच मांडला. एका संस्थेनं रोपं दिली, जेसीबीनं माळाच्या एका अंगाला ओळीनं खड्डे पाडले. फोटोत सगळ्यांच्या पुढं मी.

दुसऱ्या उन्हाळ्यात बघायला गेले तर नुसत्या काड्या उभ्या. मुरूम वर आलेला, त्यावर गाजरगवत माजलेलं. शेजारी मेंढरं वळणारे एक म्हातारे आबा उभे होते. मला बघून म्हणाले, "बाई, झाडं न्हाईत लावली तुमी. रान मारलं."

मला राग आला. "झाडं लावणं पाप हाय का, आबा?"

ते न खणलेल्या बाजूला मला घेऊन गेले. तिथं ओढ्याची कड ढासळली होती. वर गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, आणि खाली त्याच्या मुळ्या पार माझ्या कमरेइतक्या खोल गेलेल्या.

"वरचं मेंढरं खात्यात, कधी वणव्यात जळतंय," आबा म्हणाले. "खालचं कोण नेतंय? पाऊस पडला की पुन्यांदा उभं. चिंकारा, लांडगा, चंडोल, समदी ह्याच्यावर जगत्यात. आणि तुमी म्हणता, हितं काय न्हाय."

घरी येऊन लेकीला विचारलं. ती बारामतीला शेतीचंच शिकते. ती म्हणाली, "आई, झाड हवेतला कार्बन खोडात साठवतं, गवत मुळ्यांवाटे मातीत. माळ खणला की साठलेलं परत हवेत जातं. रान म्हणजे नुसती झाडंच असं कुणी सांगितलं तुला?"

कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर उरलेला माळ खणायला जेसीबी आला. मी आणि आबा आधीच जाऊन पुढं उभे राहिलो. संस्थेचे साहेब गाडीतून उतरले.

"ताई, ठराव तुमचाच आहे ना?"

"व्हय, माझाच. चुकला. आता थांबवणारी बी मीच."

"रिकाम्या जमिनीवर चार झाडं लागली तर बिघडलं काय?"

मी पिशवीतून वही-पेन काढून त्यांच्यापुढं धरलं. "मग लिहून द्या. ही जमीन रिकामी हाय, हितं काय जगत न्हाय, आणि लावलेलं जगलं न्हाय तर जबाबदारी तुमची. खाली सही करा, मी बाजूला होते."

साहेबांनी वहीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं. सही केली नाही. तासाभरानं यंत्र माघारी फिरलं.

पुढच्या ग्रामसभेत माझाच ठराव मी रद्द करून घेतला. मोजके हात वर झाले, पण पुरले. तेव्हापासून गावात काहीजण मला झाडांची वैरीण म्हणतात. म्हणू देत. माझ्या बांधावर कडुलिंब आहेत, शाळेच्या आवारात वड-पिंपळ मी लावलेत, पाणी घालून जगवलेत. खणलेली पट्टी मात्र अजून सावरलेली नाही; तिथून जाताना मान खाली जाते.

यंदा तालुक्याच्या कचेरीतून पुन्हा नवं पत्र आलं, माळावर वृक्षारोपण करायचं. मी उत्तर लिहिलं: रस्ते रुंद करताना जिथली झाडं तोडली तिथं लावा, कालव्याच्या कडेनं लावा, आम्ही खड्डे खणायला येतो. माळाला हात लावायचा नाही. स्वतः इंदापूरला जाऊन पत्र कचेरीत दिलं. तिथला कारकून म्हणाला, "ठेवून जा." मी पोच हातात पडेपर्यंत बाकावरून उठले नाही.