दाखल-खारीजमधलं अक्षर

माझा राग सगळ्या गावाला ठाऊक आहे. आमच्या जिल्हा परिषद हायस्कूलच्या मैदानावर मी शिट्टी मारली, की पलीकडच्या कपाशीत निंदणाऱ्या बायाही मान वर करतात. पण त्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर मी ज्या आवाजात ओरडले, त्याची मला आजही लाज वाटते.

आमची नववीतली एक पोरगी चौदा वर्षांखालच्या सहाशे मीटरला पळणार होती. आमचं मैदान म्हणजे तरी काय, गावाचं आखरच, गुरं जमायची मोकळी जागा. पोषण आहाराच्या चुलीतली राख आणायची, त्या राखेनं गोल आखायचा, बकऱ्या हाकलायच्या आणि पळायचं. त्या राखेवर अनवाणी पळून पोरीनं तालुका मारला होता. आता जिल्ह्यात पहिली आली की विभागाला, आणि तिथं नंबर लागला की सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या चाचणीला बोलावणं. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर वसतिगृहात न्यायच्या सामानाची यादीसुद्धा करून ठेवली होती तिनं. बादली, मग, कंगवा, तेलाची बाटली.

पडताळणीच्या टेबलावर मी तिचा फॉर्म दिला. जन्मतारीख मी आधार कार्डावरून भरली होती, संक्रांतीनंतरची. सोबत आमच्या शाळेच्या बाबूनं दाखल-खारीज रजिस्टरचा, म्हणजे शाळेत नाव घालतानाच्या नोंदीचा, उतारा जोडला होता. त्यावर मी नजरही टाकली नव्हती. टेबलावरच्या सरांनी मात्र टाकली.

"मॅडम, रजिस्टरमध्ये तर आदल्या सालचा जून आहे. पोरगी वयात बसत नाही."

मी टेबलावर हात आपटला.

"अहो, साडेतेराची आहे ती! समोर उभी आहे ना? दिसत नाही का तुम्हाला?"

"मला कागद दिसतो, मॅडम."

मी भांडले, हातापाया पडले, पुन्हा भांडले. पोरगी बाजूलाच उभी होती, छातीवर नंबर लावून. ती हळूच म्हणाली, "म्याडम, काय झालं?"

"कोण्या बिनडोकानं तुही तारीख चुकवली! ज्यानं लिहिलं ना, त्याचा हात मोडला पाहिजे."

तिनं एकेक पिन काढून नंबर घडी करून ठेवला. सहाशे मीटरची शर्यत आम्ही जाळीबाहेरून पाहिली. पहिली आलेली पोरगी चांगली पळाली, पण आमच्या पोरीच्या पुढं गेली नसती. परतीच्या एस्टीत कळंब येईपर्यंत मीच बडबडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावच्या प्राथमिक शाळेत गेले. तिथून जे लिहून आलं, तेच आमच्या रजिस्टरात उतरलं होतं. कोणाची तरी गचांडी धरायचीच, असं ठरवूनच गेले होते. जुने गुरुजी कधीचेच रिटायर झालेले. नव्या मास्तरांनी बिचाऱ्यांनी कपाट उघडून रजिस्टर झटकलं, पान काढून दिलं. मी तिच्या नावासमोरची तारीख पाहिली. मग अक्षर पाहिलं.

बाई गं! ते माझं अक्षर होतं.

शंकेला जागाच नव्हती. माझा 'ज' लहानपणापासून खाली लोंबतो. मी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. 

मग आठवलं सगळं. बी.पी.एड. करून मी घरी बसले होते. पहिलीचा पट एका पोरानं कमी पडत होता, पट भरला नाही तर एक मास्तर जाणार, म्हणून गुरुजींची धावाधाव चालली होती. "तुह्यं अक्षर चांगलं हाय, चाल माह्यासंगं," म्हणाले. घरोघर फिरलो. ही अंगणात मातीत खेळत होती, नाक वाहत होतं, आई पेरणीला गेलती. मीच हिला कडेवर उचलून शाळेत आणलं. पहिलीला लागतात ती सहा वर्षं हिला पुरी नव्हती. मग मी आदल्या सालचा एक जून लिहून टाकला. त्यात विशेष ते काय? अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे, मीसुद्धा! आम्ही त्यावर हसायचो. "कोन पाह्यते?" गुरुजी म्हणाले होते, आणि मलाही ते पटलं होतं.

नोंद दुरुस्त होते, म्हणाले मास्तर. अर्ज करा, प्रतिज्ञापत्र जोडा, वरून मंजुरी येईल. येईलही. पण चौदा वर्षांखालचं तिचं हे शेवटचं साल होतं. पुढच्या वर्षी थेट सतराखालच्या थोराड पोरींत.

संध्याकाळी मैदानावर गेले तर ती राखेच्या रेघेजवळ बसलेली. मला पाहून उठली.

"म्याडम, सापडला काय तो तारीख लिवनारा?"

"सापडला."

"कोन होता?"

मी उजवा हात पुढं केला. मग सांगितलं. पट, गुरुजी, अंगण, कडेवर आणलेलं, सगळं. ती हाताकडं पाहत राहिली. रडली नाही, हेच मला सोसवेना.

"मी त' पाचच वर्साची होती ना, म्याडम," ती म्हणाली. "तुमच्याच कडेवर होती. तुम्हाले दिसलं नाही काय?"

"दिसलं होतं," मी म्हटलं.